सोयाबीनच्या गाठीत नेमकं कोण बसलंय? ब्राझीलच्या सेराडोचं प्रकरण

"आमच्या रानात वीस वर्षं सोयाबीन आहे, झाड उपटलं की मुळ्यांना गाठी लगडलेल्या असतात, मग दरवर्षी रायझोबियमचं पाकीट कशाला लावायचं?" पेरणीच्या आधी लातूर, वाशिम, हिंगोली कुठंही गेलं तरी हा प्रश्न ऐकू येतो आणि प्रश्न रास्त आहे, कारण गाठी डोळ्यांना दिसतायत. (रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून झाडाला नत्र देणारे जिवाणू, तेच पाकिटातून बियाण्याला लावतात.) पण गाठ दिसणं वेगळं आणि त्या गाठीत बसलेला जिवाणू कामाचा असणं वेगळं. आणि गाठीत जो बसलाय तो आपण पाकिटातून टाकलेलाच असेल असंही नाही. हे सगळं नीट समजून घ्यायचं तर मला ब्राझीलचं प्रकरण सगळ्यात भारी वाटतं.

कारण तिथं गोष्ट अगदी पहिल्यापासून बघता येते. सोयाबीन मूळचं चीनकडचं, म्हणजे ब्राझीलमध्ये पीकही बाहेरचं आणि त्याचे जिवाणूही बाहेरचे. जमिनीत सोयाबीनला चालणारे जिवाणू जवळजवळ नव्हतेच, मग माणसांनी मोजके स्ट्रेन (जिवाणूंचे वेगवेगळे वाण म्हणा) टाकले, कुठला साधारण कधी टाकला ह्याच्या नोंदी आहेत, आणि काही वर्षांनी गाठी फोडून बघितल्या तर आत भलतेच जिवाणू निघाले. आपल्याकडं हा शोध इतका सोपा नाही, कारण इथल्या जमिनीत मूग, उडीद, तूर, चवळी, भुईमूग शेकडो वर्षं आहेत, कोण जुनं आणि कोण नवं हे वेगळं काढणं अवघड जातं.

आधी थोडं बेसिक. हवेत ७८ टक्के नत्र आहे पण झाडाला ते थेट घेता येत नाही, काही जिवाणूंना येतं, कारण त्यांच्याकडं नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं. हे एन्झाइम ऑक्सिजनला लई नाजूक, म्हणून झाड गाठीच्या आत लेगहिमोग्लोबिन बनवून ऑक्सिजन आवरून ठेवतं, आणि त्याच्यामुळंच चांगली गाठ कापली की आत गुलाबी-लालसर दिसते. आता ही गाठ होते कशी, तर मूळ काही रसायनं सोडतं (फ्लॅव्होनॉइड), जिवाणू ती ओळखून आपलं एक रसायन सोडतो (नॉड फॅक्टर), ते मुळाला पटलं तर मुळाचा बारीक केस वळतो आणि जिवाणूला आत घेतो. म्हणजे दोघांचं जुळायला लागतं. हरभऱ्याचा मेसोरायझोबियम सोयाबीनला चालत नाही, आणि मूग-चवळी-भुईमुगाच्या गाठीतले बरेचसे जिवाणू सोयाबीनच्या जिवाणूंसारखेच ब्रॅडीरायझोबियम असले तरी सोयाबीनशी त्यांचं जमेलच असं नाही, जमलं तरी नत्र पुरेसं देतील असं नाही.

आणि सोयाबीनला नत्र किती लागतं हे बघितलं की हा विषय का एवढा महत्त्वाचा ते कळतं. एक टन दाणा तयार व्हायला साधारण ८० किलो नत्र. एकरी ८ क्विंटल धरले तर ६४ किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे कागदावरच १३९ किलो युरिया, ४५ किलोच्या तीन गोण्यांच्याही वर, आणि युरियातलं बरंचसं नत्र हवेत-पाण्यात वाया जातं ते वेगळं. एकराला एवढा युरिया आपण सोयाबीनला कधीच टाकत नाही, तरी पीक येतं. थोडं नत्र जमिनीतलं असतं, बाकीचं ह्या गाठींचं. ब्राझीलमध्ये चांगल्या पिकात गाठींमधून हेक्टरी ३०० किलोपर्यंत नत्र मिळाल्याच्या नोंदी आहेत.

ब्राझीलने सुरुवातीलाच एक निर्णय घेतला

ह्यात योहाना डोबेराइनर ह्या बाईंचं नाव घ्यावंच लागतं. जन्म १९२४ चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातला, शेतीचं शिक्षण म्युनिकला, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलला येऊन रिओजवळच्या सेरोपेदिकात जमिनीतल्या जिवाणूंवर काम सुरू केलं ते २००० मध्ये वारल्या तोपर्यंत. साठच्या दशकात ब्राझीलचा सोयाबीन सुधारणेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यांनी आग्रह धरला की नवीन वाणांची निवड करताना नत्र खत घालायचंच नाही, जिवाणूंवरच झाड वाढवायचं आणि त्यात जे वाण चांगलं येईल ते पुढं न्यायचं. तेव्हा अमेरिकेत भरपूर खत घालून शेती चालली होती, सगळं जग तिकडं बघत होतं, आणि ह्या बाई म्हणतायत खत नको. मला वाटतं ब्राझीलच्या सोयाबीनमधला सगळ्यात मोठा निर्णय हाच. कारण भरपूर नत्र असलेल्या प्लॉटवर वाण निवडलं तर त्याची जिवाणूंशी जुळवून घेण्याची ताकद तपासलीच जात नाही, जमिनीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठींवर खर्च करत नाही, आणि असं पिढ्यान्पिढ्या झालं की ती ताकद हळूहळू निघून जाते.

दुसरीकडं दक्षिणेतल्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात जिवाणूंचा संग्रह उभा राहिला, त्यातल्या स्ट्रेनना 'सेमिया' आणि पुढं नंबर अशी नावं. आजही ब्राझीलमध्ये पाकिटावर किंवा बाटलीवर हे सेमिया नंबर लिहिलेले असतात, म्हणजे शेतकऱ्याला आत नेमका कोण आहे ते कळतं. आपल्याकडं बहुतेक पाकिटांवर नुसतं 'रायझोबियम' आणि पिकाचं नाव असतं, स्ट्रेनचा पत्ता नसतो, हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सेराडोत गाडी अडली

दक्षिणेत पीक बसलं आणि मग सत्तरच्या दशकात मोर्चा वळला मधल्या भागाकडं, सेराडो म्हणतात त्याला, गवत आणि खुरटी झाडं असलेला प्रचंड मोठा पट्टा. जमीन लाल, खोल, पण आम्लधर्मी, ॲल्युमिनियम जास्त, स्फुरद जवळजवळ नाही. एम्ब्रापा ही सरकारी संशोधन संस्था १९७३ ची, तिचं सेराडोसाठीचं केंद्र ब्राझिलियाजवळ प्लानाल्टिनाला. चुना टाकला, स्फुरद टाकलं, वाणं तयार केली, पण नवीन मोडलेल्या रानात पहिल्या वर्षी गाठीच नीट येत नव्हत्या. जमिनीत सोयाबीनचा जिवाणू नाही, बियाण्याबरोबर जो टाकला तो ह्या गरम, आम्ल मातीत तग धरत नाही.

मग तिथं टिकणारे स्ट्रेन शोधायचं काम झालं आणि १९७९ च्या सुमाराला दोन स्ट्रेनची शिफारस आली, सेमिया ५८७ आणि २९डब्ल्यू (ह्यालाच सेमिया ५०१९ म्हणतात, हा डोबेराइनरबाईंनी रिओकडं वेगळा केलेला). दोन्ही ब्रॅडीरायझोबियम एल्कानी जातीचे. त्याच्या आधी १९६६ ते १९७८ ह्या काळात सेमिया ५६६ वापरात होता, तो अमेरिकेतून आलेल्या कल्चरमधून काढलेला, ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. म्हणजे बघा, ५६६ पाकिटातून बंद झाला १९७८ ला. पण जमिनीतून? जमिनीतून तो गेलाच नाही. एकदा बसला तो बसला, पुढं कित्येक वर्षं गाठींमध्ये ५६६ च्याच गटातले जिवाणू सापडत राहिले.

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्येही असंच झालेलं आहे, तिथल्या जुन्या सोयाबीनच्या शेतांत यूएसडीए १२३ नावाच्या गटाने असं बस्तान बसवलंय की नवीन चांगला स्ट्रेन बियाण्याला लावला तरी गाठींतला फार थोडा वाटा त्याला मिळतो. जमिनीत आधीच बसलेला जिवाणू सगळीकडं पसरलेला असतो, मूळ जिथं जाईल तिथं तो हजर, आणि पाकिटातला बिचारा बियाण्याच्या आसपासच.

गाठी फोडल्यावर काय निघालं

आता ह्या प्रकरणाचा मुख्य भाग. एम्ब्रापाच्या लोंड्रिना इथल्या सोयाबीन केंद्रात मारियांजेला हुंग्रिया आणि त्यांच्या टीमने, प्लानाल्टिनाच्या लोकांबरोबर, शेतातल्या सोयाबीनच्या गाठींमधून जिवाणू काढून त्यांचा पिच्छा पुरवला. (ह्याच हुंग्रियाबाईंना २०२५ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला.) गाठीतून जिवाणू काढायचा म्हणजे काम किचकट असतं. गाठ धुवायची, अल्कोहोलमध्ये बुडवायची, वरून पूर्ण निर्जंतुक करायची म्हणजे बाहेरचं काही चिकटून आत यायला नको, मग थेंबभर निर्जंतुक पाण्यात ठेचायची आणि तो रस यीस्ट-मॅनिटॉलच्या आगरवर ओढायचा. त्या आगरमध्ये काँगो रेड रंग घालतात, इतर बरेच जिवाणू तो रंग पिऊन लाल होतात, रायझोबियमवाले पांढरट राहतात किंवा जेमतेम गुलाबी. ब्रॅडीरायझोबियम फार हळू वाढतो, पाच ते सात दिवस वाट बघायची तेव्हा कुठं टाचणीच्या डोक्याएवढी कॉलनी (जिवाणूंचा ठिपका) दिसते. मग प्रत्येक कॉलनी कोणत्या गटातली ते सीरमने (प्रतिपिंडांच्या चाचणीने) तपासायचं, डीएनएचे पट्टे काढायचे, जीन्स वाचायच्या.

सेराडोतल्या एका जमिनीवर असं काम झालं जिथं आधी सोयाबीनही नव्हतं आणि त्याचे जिवाणूही नव्हते. पीक आणि जिवाणू, दोन्ही माणसांनीच तिथं नेले, आणि सात वर्षांनी गाठींतले जिवाणू गोळा केले. अपेक्षा काय असणार, की टाकले तेच निघतील, थोडेफार इकडंतिकडं. निघालं काय, तर कॉलनीचा आकार-चिकटपणा वेगळा, सीरमला प्रतिसाद वेगळा, डीएनएचे पट्टे वेगळे, नत्र देण्याची क्षमता काहींची चांगली काहींची कमी, म्हणजे मोजक्या स्ट्रेनपासून सात वर्षांत एवढं वैविध्य. सात वर्षं म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबात सात हंगाम, पण जिवाणूच्या पिढ्या मोजल्या तर प्रचंड, आणि त्यातही आम्ल माती, उष्णता, कोरडा हंगाम असा ताण सतत. असा ताण असला की जो बदल उपयोगी पडेल तो टिकतो.

पण नुसता बदल एवढंच नव्हतं. २००७ मध्ये ह्याच गटाचं एक काम आलं त्यात दोन जिवाणूंची सविस्तर तपासणी होती आणि ती वाचताना मी अक्षरशः थक्क झालो. पहिला एस १२७. ह्याची मूळ ओळख देणारी जीन तपासली तर हा तिथल्याच मातीतला स्थानिक ब्रॅडीरायझोबियम एल्कानी, पण गाठ तयार करणारी नॉडसी जीन मात्र बाहेरून टाकलेल्या जॅपोनिकमची. दुसरा सीपीएसी ४०२, हा तर ब्रॅडीरायझोबियमच नाही, तिथला स्थानिक एन्सिफर फ्रेडी, म्हणजे वेगळ्याच कुळातला, आणि ह्याच्याकडं जॅपोनिकमचा अख्खा सिम्बायोसिस आयलंड आलेला. सिम्बायोसिस आयलंड म्हणजे गाठ करायच्या आणि नत्र पकडायच्या जीन्सचा एकत्र पट्टा, किल्ल्यांचा जुडगाच म्हणा, जो एका जिवाणूकडून दुसऱ्याकडं जसाच्या तसा जाऊ शकतो. आणि त्या ४०२ ने गंमत म्हणजे आपली मूळची निफएच जीन (नत्र पकडायच्या कामातली) पण सोडली नाही, ती एक कॉपी तशीच ठेवली आणि नवीन आलेलीही ठेवली.

म्हणजे काय झालं बघा. मातीत आधीपासून राहणारे, तिथलं ऊन-पाणी-आम्लता पचवलेले जिवाणू होते, त्यांना सोयाबीनच्या मुळात शिरता येत नव्हतं. बाहेरून आलेल्या जिवाणूकडं शिरायची सोय होती, पण ती माती त्याला परकी. दोघं शेजारी राहिले आणि ती सोय स्थानिकांकडं गेली. पाकिटातून जे टाकलं त्याची पिल्लावळ तर वाढलीच, पण त्याच्या जीन्स दुसऱ्याच जिवाणूंच्या अंगात जाऊन पुन्हा सोयाबीनच्या गाठीत आल्या. म्हणून सुरुवातीला म्हटलं ना, की गाठ दिसली म्हणजे आपलाच जिवाणू आहे असं धरून चालता येत नाही.

हे फक्त ब्राझीलचं नाही. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या क्लाइव्ह रॉन्सन आणि जॉन सुलिव्हन ह्यांनी लोटस नावाच्या चारापिकावर १९९५ आणि १९९८ मध्ये हेच दाखवलं, तिथंही पेरणीनंतर सात वर्षांनी गाठींत निरनिराळे जिवाणू निघाले आणि सगळ्यांच्या पोटात टाकलेल्या स्ट्रेनचाच सुमारे ५०० किलोबेसचा (म्हणजे डीएनएच्या पाच लाख अक्षरांचा) आयलंड. सगळ्यांत एकाच ठराविक जीनला (टी-आरएनए) जाऊन चिकटलेला. ऑस्ट्रेलियात बिसेर्‍युला नावाच्या चाऱ्याच्या पिकात सहा वर्षांनी असंच सापडलं, आणि तिथली बातमी थोडी वाईट होती, कारण आयलंड मिळालेले काही नवे जिवाणू गाठी तर करत होते पण नत्र अगदीच कमी देत होते, एखादा तर अजिबात नाही. झाडाची साखर खायची आणि परत काही द्यायचं नाही. गाठी मोजून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वैविध्य चांगलं की वाईट?

इथं बरेच लोक एक बाजू पकडतात. कुणी म्हणतं वैविध्य म्हणजे मातीचं आरोग्य, जेवढे जास्त प्रकार तेवढं चांगलं. कुणी म्हणतं हे जंगली जिवाणू पाकिटातल्या चांगल्या जिवाणूला जागा देत नाहीत, त्रास आहे नुसता. ब्राझीलचं प्रकरण बघितलं की दोन्ही अर्धवट वाटतं.

कारण पुढं काय झालं ते ऐका. तो ५६६, अमेरिकेहून आलेला, सेराडोच्या मातीत वर्षानुवर्षं राहिला, रुळला, बदलला. संशोधकांनी त्या मातीतून त्याचेच बदललेले वंशज गोळा केले, नत्र देण्यात कोण सरस आणि गाठीत जागा मिळवण्यात कोण पुढं हे तपासलं, आणि त्यातून निवडला सीपीएसी १५, म्हणजेच सेमिया ५०७९. त्याच्या जोडीला सीपीएसी ७ (सेमिया ५०८०), हा सीबी १८०९ नावाच्या जुन्या स्ट्रेनपासून निवडलेला. १९९२ पासून ह्या दोघांची शिफारस आहे आणि आज ब्राझीलच्या बहुतेक सोयाबीनला ही जोडी जाते. १५ नंबर तगडा, मातीत टिकणारा, स्पर्धेत पुढं. ७ नंबर नत्र द्यायला जास्त चांगला पण स्पर्धेत थोडा मागं. नंतर जीनोम वाचल्यावर ७ नंबर जॅपोनिकम नसून डायझोएफिशियन्स नावाच्या वेगळ्या जातीत धरला जातो.

म्हणजे शेतात तयार झालेलं वैविध्य हीच पुढच्या चांगल्या स्ट्रेनची खाण ठरली, आणि तेच वैविध्य नव्या स्ट्रेनला अडवणारी भिंत पण आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. मातीतले जिवाणू आपोआप जास्त नत्र देणारे होत नाहीत, कारण मातीत टिकून राहण्यासाठी नत्र देण्याची गरज नाही, टिकण्यासाठी तगणं आणि गाठीत घुसणं पुरतं. नत्र कोण जास्त देतो ते माणसाने निवडायचं.

मग दरवर्षी लावायचं का

जुनं पुस्तकी उत्तर होतं, नाही. हवाईत केलेल्या कामावर (१९९१) हे उत्तर उभं होतं, त्यात असं दिसलं की ग्रॅमभर मातीत ५० इतके जरी योग्य जिवाणू आधीपासून असले तरी बियाण्याला लावण्याचा फायदा दिसेनासा होतो. आणि ब्राझीलच्या जुन्या रानात तर ग्रॅमला हजारांपासून दहा लाखांपर्यंत जिवाणू. त्या हिशोबाने तिथं लावायची गरजच नव्हती. तरी हुंग्रिया आणि मंडळींनी जुन्या रानांमध्ये वर्षानुवर्षं ट्रायल घेतल्या आणि दरवर्षी लावल्यावर उत्पादनात सरासरी ८ टक्के वाढ दिसली. कारण समजायला सोपं आहे, चांगले स्ट्रेन बियाण्याला चिकटून आले की उगवतानाच पहिल्या मुळीवर, खोडाच्या बुडाशी, त्यांच्या गाठी आधी होतात, आणि ह्या पहिल्या गाठी लवकर कामाला लागतात. बाजूच्या मुळ्यांवर नंतर येणाऱ्या गाठी मातीतल्यांच्या. ॲझोस्पिरिलम हा दुसरा जिवाणू सोबत लावला तर वाढ सरासरी १६ टक्क्यांपर्यंत गेलेली आहे, ॲझोस्पिरिलममुळं मुळ्या जास्त फुटतात आणि गाठींना जागा मिळते. नत्र खत मात्र शून्य. सुरुवातीला २०-३० किलो नत्र देऊन तरी फायदा होतो का हे पण त्यांनी खूप ठिकाणी बघितलं, उत्पादन वाढत नाही, उलट गाठी कमी होतात.

आता ८ टक्के ऐकून आपल्याकडं तसंच होईल असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांची माती आम्ल, आपली काळी, पीएच ८ च्या आसपास, चुनखडीची. चीनमध्ये जास्त पीएचच्या जमिनीत सोयाबीनच्या गाठीत एन्सिफर फ्रेडी मोठ्या प्रमाणात सापडतो, आम्ल जमिनीत ब्रॅडीरायझोबियमचं राज्य. तेव्हा ब्राझीलचा स्ट्रेन उचलून मराठवाड्यात आणणं हा उपाय नाही. उचलायची असेल तर त्यांची पद्धत उचलावी. जुन्या सोयाबीनच्या रानातून, मे महिन्याच्या उन्हातून तगलेल्या जिवाणूंमधून शोधायचं, नत्र घातलेलं नाही अशा प्लॉटवर तपासायचं, आणि पाकिटावर स्ट्रेनचं नाव छापायचं. कृषी विद्यापीठांच्या जैविक खतांच्या लॅब आपल्याकडं आहेत, परभणी, अकोला, राहुरी, माणसंही हुशार आहेत.

आणि एक आकड्यांचा फरक जो मला फार टोचतो. ब्राझीलमध्ये कायद्याने कल्चरमध्ये एका ग्रॅमला किंवा मिलीला कमीत कमी १०० कोटी जिवंत जिवाणू लागतात, आणि शिफारस आहे एका बियाला १२ लाख पेशी. आपल्या खत नियंत्रण आदेशात भुकटीच्या कल्चरला ग्रॅमला ५ कोटी, द्रवरूपला मिलीला १० कोटी. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला लावलं, १० किलोत साधारण ८३ हजार दाणे धरले, तर पाकीट अगदी किमान मानकाचं असेल तर एका दाण्याला दीड लाख पेशी पडतात. बारा लाख कुठं आणि दीड लाख कुठं, आणि त्यातही सगळे चिकटले आणि सगळे जिवंत राहिले असं धरून. दुकानात पाकीट खिडकीजवळ उन्हात ठेवलेलं असेल तर हे पण नाही. मातीत आधीच लाखो बसलेले असताना एवढ्या थोड्या संख्येने जागा मिळवायची म्हणजे अवघडच. म्हणून जिथं सोयाबीन पहिल्यांदाच घेताय, समजा कपाशीचं किंवा उसाचं रान मोडून, तिथं पाकीट दुप्पट लावा, ब्राझीलमध्येही नव्या रानात डोस वाढवूनच लावायला सांगतात, आणि पाकिटाचा खर्च बाकी खर्चाच्या मानाने काहीच नाही.

लावताना क्रम सांभाळायचा. बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, ते पूर्ण सुकलं की सगळ्यात शेवटी रायझोबियम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, सावलीत, हलक्या हाताने, सोयाबीनची साल पातळ असते जोरात चोळलं तर सुटते. सुकलं की त्याच दिवशी पेरायचं, उद्यावर ठेवायचं नाही. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच बादलीत कालवून लावणारे लोक आहेत, त्यात जिवाणू मरतात आणि मग म्हणतात रायझोबियमने काही फरक पडत नाही.

आणि फरक पडतो का ते स्वतःच्या रानात बघायची सोपी सोय आहे. पेरताना चार-सहा तासं मुद्दाम पाकीट न लावलेल्या बियाण्याची सोडा, तीच जात, तीच बुरशीनाशकाची प्रक्रिया, फक्त रायझोबियम नाही. हे बियाणं आधी पेरून घ्या, नाहीतर पेरणी यंत्रात राहिलेले जिवाणू त्याला लागतील. कुठली तासं ते खुंटी मारून लक्षात ठेवा. फुलोरा सुरू झाला की दोन्हीकडची पाच-सहा झाडं उपटू नका, कुदळीने मातीसकट खणून काढा, उपटलं की गाठी जमिनीतच राहतात. पाण्यात हलवून माती काढा आणि आधी खोडाच्या बुडाशी बघा, तिथं गाठींचा घोस आहे का, मग बाजूच्या मुळ्या. झाडाला १५ ते ३० चांगल्या गाठी असल्या तर तब्येत ठीक. मग ब्लेडने दहा-बारा गाठी मधोमध कापा. गुलाबी-लाल किती, पांढऱ्या किंवा हिरवट किती ते वहीत लिहून ठेवा, बारीक बारीक भरपूर आणि आतून पांढऱ्या असतील तर आयतं खाणारे बसलेत असं समजा. काढणीला ती तासं वेगळी कापा, वेगळी मळा आणि वजन करा.